सरासरीच्या खाली कोण दबले, ते सभागृहात विचारा

१८ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली आणि परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून माफ केले. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. २८ ऑगस्टला ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पहिल्या वेच्यापासून आपला बराचसा माल घराबाहेर पडेपर्यंतचा काळ बरोबर या माफीत बसला. अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लावले होते, कापड निर्यातदार अडचणीत होते, त्यांना स्वस्त रुई पाहिजे होती. त्यांची अडचण खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण त्या अडचणीची किंमत कोणी मोजायची हे ठरवताना कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारले?

आता तारखा पाहा. संसदेचे पावसाळी अधिवेशन २१ जुलैला सुरू होऊन २१ ऑगस्टला संपले. म्हणजे अधिसूचना निघाली तेव्हा अधिवेशन चालू होते. चालू होते आपले म्हणायचे. बिहारच्या मतदारयाद्यांवरून झालेल्या गदारोळात लोकसभेचे काम ठरल्या वेळेच्या एक तृतीयांशही झाले नाही. मतदारयादीचा प्रश्न लहान नाही. पण गोंधळात पहिला बळी जातो तो प्रश्नोत्तराच्या तासाचा, आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावेच लागते असा तोच एक तास असतो. मुदतवाढ तर अधिवेशन संपून आठवडा झाल्यावर आली.

अशा अधिसूचनेला आधी संसदेची संमती लागत नाही. ती नंतर दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवले तर ती बदलता येते किंवा रद्दही करता येते. कायद्यात ही सोय आहे. ती वापरायला कापसाच्या पट्ट्यातून निवडून गेलेला माणूस जागेवरून उठला पाहिजे.

निवडून गेला की तोंड दाखवत नाही आणि सभागृहात तोंड उघडत नाही, ही आपली नेहमीची तक्रार. यात अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आपल्या अंगणातले आहे. खासदार गावात आला की आपण त्याच्यापुढे काय ठेवतो? डीपी जळाली, सभामंडप पाहिजे, पुतण्याची बदली करा. ऐन ओलिताच्या दिवसांत डीपी जळाली म्हणजे काय होते ते आम्हाला सांगायला नको. पण ते वीज कंपनीचे आणि आमदाराचे काम. हमीभाव, आयात-निर्यात, कापूस महामंडळाची खरेदी ही दिल्लीची कामे. आपण आमदाराला हमीभावासाठी धरतो, खासदाराला डीपीसाठी धरतो, आणि दोघेही ‘बघतो’ म्हणून गाडीत बसतात.

सभागृहात बोलणे म्हणजे काय, याचा एक जुना दाखला देतो. १९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारतातला तो पहिलाच. डॉ. राममनोहर लोहिया उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून नुकतेच लोकसभेत आले होते. त्यांनी उठून सांगितले की या देशातली २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंडित नेहरूंनी उत्तर दिले, तीन नव्हे, पंधरा आणे. सरकारतर्फेच गुलझारीलाल नंदांनी साडेसात आण्यांचा आकडा दिला. एकाच सरकारचे दोन आकडे! ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला; तो पडणारच होता. पण पुढे या आकड्यांवर लोकसभेत वेगळी चर्चा घ्यावी लागली.

लोहियांचे म्हणणे सरळ होते. पंधरा आणे ही सरासरी आहे. तिच्यात बंगलेवाल्याची मिळकत मिसळली आहे. ती बाजूला काढा आणि मग खालच्या माणसाच्या ताटात काय उरते ते सांगा. हा प्रश्न फर्रुखाबादचाही होता आणि साऱ्या देशाचाही. मतदारसंघाचे दुखणे मांडावे की देशाचे, हा वाद आम्हाला म्हणूनच पोकळ वाटतो. दुखणे नीट मोजून मांडले की ते दोन्हींचे असते.

कापूस-ज्वारीचे भांडणही आज याच सरासरीपाशी अडले आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये हमीभाव जाहीर झाला. सरकार म्हणते, खर्चावर ५० टक्के नफा दिला. तपासून पाहा. कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आहे, ज्वारीचा २,४६६. दोन्हींची दीडपट बरोबर निघते. गुणाकारात चूक नाही. चूक आहे ती खर्चात. एक तर त्यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी एवढेच आहे; स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज धरलेले नाही. हे आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. दुसरी गोष्ट मात्र फारशी बोलत नाही: ५,१४० ही साऱ्या देशाची सरासरी आहे.

शेतीचे थोडे शिकलो आहोत म्हणून हा हिशेब फोडून दाखवतो. समजा एकरी खर्च २५,००० रुपये आला. ओलिताच्या रानात १० क्विंटल झाले तर क्विंटलला २,५०० पडले. पावसावरच्या रानात ५ झाले तर ५,०००. बोंडअळी आली, बोंडे भरताना पावसाने ताण दिला आणि ३ क्विंटलवर आटोपले, तर ८,००० च्या वर गेले, म्हणजे हमीभावापेक्षाही जास्त. पीक कमी आले म्हणून बियाणे, खत, फवारणी, निंदण यांचा खर्च परत मिळत नाही. वेचणीचा काय तो कमी होतो. पंजाब-हरियाणाचा कापूस जवळजवळ सगळा ओलिताचा, आपला बहुतेक सगळा आभाळाचा. दोघांची बेरीज करून भागाकार केला की कागदावर नफा दिसतो आणि कोरडवाहूवाला त्या भागाकाराखाली दबतो. त्यातून ओलावा १२ टक्क्यांवर गेला की महामंडळाच्या केंद्रावरून गाडी परत, मग व्यापारी देईल तो भाव.

म्हणून खासदाराला भाषण लिहून देऊ नका, प्रश्न लिहून द्या. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न येतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. चिठ्ठीत नंबर लागला नाही तरी अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे आपला कागद अधिवेशनाच्या आधी त्याच्या हातात पडला पाहिजे. शून्य प्रहरात बोलले की पेपरात फोटो येतो, पण मंत्र्यावर तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नसते. नियम ३७७ खाली २५० शब्दांत मुद्दा मांडता येतो. तो मंत्रालयाकडे जातो आणि उत्तर पत्राने येते. ते पत्र खासदाराकडून मागून घ्या, त्याच्या फायलीत पडू देऊ नका.

आणखी एक. मंत्री ‘विचाराधीन आहे’ किंवा ‘लक्ष घालू’ म्हणाला की आपण हसतो. लोकसभेच्या दप्तरी मात्र असे शब्द आश्वासन म्हणून लिहिले जातात. ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते, आणि त्यावर नजर ठेवायला आश्वासन समिती आहे. ‘विचाराधीन’ची तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी खासदाराला त्याच तारखेचा पुढचा प्रश्न विचारायला लावा.

खासगी विधेयकाची फार आशा धरू नये. २०१८ मध्ये राजू शेट्टी यांनी कर्जमुक्ती आणि हमीभावाच्या हक्काची दोन विधेयके लोकसभेत मांडली. २०१९ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली, तिच्याबरोबर विधेयकेही गेली. आजवर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. मांडू नये असे नाही. मांडल्याने प्रश्न नोंदला जातो, पण घरात काही येत नाही.

सरकारी विधेयकांची गत तरी काय? २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीची विधेयके आवाजी मतदानाने मंजूर केली. मते मोजा अशी मागणी होती, ती मानली नाही. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे दोन्ही सभागृहांनी एका दिवसात, चर्चेशिवाय मागे घेतले. ते कायदे बरे की वाईट, यावर आपल्यातच दोन मते होती आणि आहेत. पण आणताना मोजणी नाही आणि नेताना चर्चा नाही, यात शेतकऱ्याचे म्हणणे नोंदले कुठे गेले?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने किमान १० कोरडवाहू शेतकऱ्यांचे कापसाचे आणि ज्वारीचे हिशेब आणावेत: एकरी खर्च, उतारा, विकल्याची तारीख, मिळालेला भाव, ओलावा दाखवून कापलेले पैसे. पावत्या असतील तर त्यांच्या नकला. त्यावरून प्रश्नाचा मसुदा बैठकीतच लिहू: कोरडवाहू आणि ओलिताच्या कापसाचा खर्च सरकार वेगवेगळा काढणार का, कधीपासून, आणि नसेल तर का नाही. शुल्कमाफीच्या दिवसांत किती गाठी आल्या आणि त्या दिवसांत महामंडळाने आपल्या जिल्ह्यात किती क्विंटल घेतले, हा दुसरा प्रश्न. मसुदा जिल्ह्यातल्या खासदारांना, पक्ष न पाहता, हातोहात द्यायचा आणि पोच घ्यायची. वेचणीचा दर किलोला काय दिला ते लिहायला विसरू नका. तो आकडा बहुतेकांच्या वहीत नसतो.