परसातले तळे आणि शाळेची बदके

विद्यालयाच्या आवारात कायमची आठवण म्हणून काय उभारावे, याविषयी माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत बराच खल झाला. कुणी प्रवेशद्वाराची कमान सुचवली, कुणी सिमेंटचे कारंजे. स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या जागेत बदकांसाठी लहानसे तळे करावे, असे मी म्हणालो तेव्हा हशा पिकला. तो ओसरल्यावर आमच्याहून बरेच आधी शाळा सोडलेले एक दादा उठले. "उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे बदकांना पोहायला पाणी?" असे त्यांनी विचारले. पुढचे बोलणे अधिक जड होते. त्यांच्या आजीला विहिरीपासून दूर ताटकळत उभे राहावे लागे. कुणाला दया येऊन वरून घागरीत पाणी ओतले, तरच ते घरी येई. "आपल्या माणसांना घोटभर पाणी मिळाले नाही, आणि तुम्ही पाखरांचे लाड सांगता," एवढे बोलून ते खाली बसले. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. ते सुचायला जो वेळ लागला, त्यातून हा लेख झाला आहे.

प्रथम माझ्या परसाविषयी सांगतो, कारण माझा अधिकार तेवढ्यापुरताच आहे. मुलीच्या हट्टापायी मी सोलापूरच्या बाजारातून चार बदके आणली आणि गवंड्याकडून एक गोल सिमेंटचा हौद बांधून घेतला. त्यात एकही वनस्पती नव्हती. दहा दिवसांत पाणी हिरवे झाले, पंधरा दिवसांत त्याला वास सुटला आणि शेजारच्या मावशींनी भिंतीपलीकडून सौम्य शब्दांत विचारणा केली. बदक हा पक्षी खातो तितकेच पाण्यात सोडतो. त्या विष्ठेतील नत्रावर शेवाळ माजते, आणि ते घेणारी दुसरी वनस्पती जवळ नसेल तर तळ्याचे डबके होण्यास फार दिवस लागत नाहीत. मग पाणी वाचवण्याच्या विचाराने मी न्हाणीघराचे सांडपाणी हौदात वळवले. ही चूक अधिक वाईट होती. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल पिसांना लावून तो पक्षी स्वतःला कोरडा ठेवतो. साबणाने ते तेल निघून जाते. थंडीच्या दिवसांत एक बदक भिजल्या पिसांनी कुडकुडत बसलेले मी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ते उठले नाही. मुलीने त्याचे कारण विचारले तेव्हा मला खरे सांगावे लागले.

बदकाला पाणी ही चैन नव्हे, हे त्यानंतर समजले. निदान संपूर्ण डोके बुडेल इतके पाणी त्याला रोज हवेच; त्याशिवाय डोळे आणि नाकपुड्या स्वच्छ राहत नाहीत. कोरडे धान्य खातानाही ते घोटाघोटाला पाण्याकडे धावते. केवळ एवढ्यासाठी तळेच हवे असे नाही, खोल घमेले चालते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. परंतु घमेल्यावर ठेवलेले बदक जगते तेवढेच. बुडी मारणारे, पंख झटकून काठावर येणारे बदक ज्याने पाहिले आहे त्याला तो फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या वेळी मी दोन खड्डे केले, आणि शाळेसाठी माझा प्रस्तावही तोच आहे. पहिला खड्डा बदकांचा: तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, सरासरी चाळीस सेंटिमीटर खोल. त्यात सुमारे २४०० लिटर पाणी मावते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तळाशी मुरूम चोपून त्यावर शेततळ्याला वापरतात तो जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. एका बाजूचा उतार इतका मंद हवा की बदकाला चालत बाहेर येता यावे; माझ्या पहिल्या हौदाच्या उभ्या भिंतींवरून ती रोज धडपडत. या खड्ड्यात काही लावू नये. बदके कोवळी रोपे मुळासकट उपटतात, कमळाचे कोंबही सोडत नाहीत.

लागवड करायची ती दुसऱ्या खड्ड्यात. तो पहिल्याहून वीतभर खाली असावा, म्हणजे पाणी आपोआप उतरते. त्यात खडी आणि जाड वाळू भरून कर्दळ, अळू आणि वाळा लावावा. या तिघांची मुळे बदकांनी घाण केलेल्या पाण्यावरच पोसतात. कर्दळीची वाढ तर अशी जोमदार होते की दर दोन महिन्यांनी ती कापून खतखड्ड्यात टाकावी लागते, तरच पाण्यातील नत्र खऱ्या अर्थाने बाहेर जाते. पाणकणीस दिसायला देखणे असले तरी त्याचे कोंब प्लॅस्टिकचा कागद भेदतात. आणि जलपर्णी? कुणी कितीही प्रेमाने रोप आणून दिले तरी घेऊ नये. तिने आपल्या राज्यातील नद्यांचे काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. बाजूला एका उथळ वाफ्यात अझोला वाढवावा. तो बदकांचा उत्तम हिरवा चारा आहे. डासांची शंका घेणाऱ्यांना सांगतो की बदके अळ्या वेचून खातात. दुसऱ्या खड्ड्यात पाणी खडीच्या पातळीखाली राहील एवढे पाहावे.

आता दादांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. शाळेची एक गुंठ्याची भाजीबाग आहे. उन्हाळ्यात तिला दिवसाला चारशे-पाचशे लिटर पाणी लागतेच. माझे म्हणणे एवढेच आहे की ते पाणी बागेत जाण्यापूर्वी बदकांच्या खड्ड्यातून आणि कर्दळीच्या मुळांतून जावे. रोज चारशे लिटर वर सोडले की सहा दिवसांत तळ्याइतके पाणी खाली उतरते आणि बागेला नुसत्या पाण्याऐवजी खताचे पाणी मिळते. नवा खर्च उरतो तो बाष्पीभवनाचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ-दहा मिलिमीटरने घटते. दोन्ही खड्ड्यांचे मिळून दहा चौरस मीटर धरले तर ऐंशी ते शंभर लिटर, म्हणजे साधारण सहा बादल्या. पश्चिमेच्या अंगाला केळी लावल्या तर त्यातही काही बचत होते. कारंजे याहून अधिक उडवील आणि त्यातून एक वांगेही पिकणार नाही. मात्र एक पथ्य हवे: कोथिंबीर, कांद्याची पात अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. वांगी, शेवगा, पपई यांना खुशाल द्यावे.

आणि दुष्काळी वर्षी? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आपले गाव त्या लातूरपासून फार दूर नाही. तशी वेळ आली तर तळे कोरडे करावे, बदके पाण्याच्या गावी कुणाकडे सोपवावीत आणि हे आजच ठरावात लिहून ठेवावे. ज्यांना हे लिहून देणे जड वाटते त्यांनी बदके पाळू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

दादांचा दुसरा प्रश्न मात्र लिटरच्या हिशेबाने सुटत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुरांना, पाखरांना मज्जाव नव्हता; माणसांना होता. महाड मुंबई इलाख्यात होते, आपला भाग निजामाच्या राज्यात. पण दादांच्या आजीची घागर दोन्हीकडे सारखीच रिकामी होती. ज्यांच्या घरात ही आठवण जिवंत आहे त्यांना पाण्यात खेळणारे बदक पाहून बोचले तर त्यात नवल नाही, आणि बैठकीत हसणाऱ्यांत मी पुढे होतो याची मला खंत वाटते.

तरीही मी मागणी मागे घेत नाही. आपल्या शाळेची सहल नळदुर्गच्या किल्ल्यावर जात असे. बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केला आहे. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे डोक्यावरून कोसळतात आणि आत बसलेल्याच्या अंगावर थेंब येत नाही. आदिलशाहीत पाणी असे बसून पाहण्याची सोय राजाला होती. आमच्या घरांनी पाणी पाहिले ते रांगेतून, हंड्यातून, टँकरच्या नळीतून. वसतिगृहातील आजची मुलेही बव्हंशी तसेच पाहतात. जळकोट या नावात जल असले तरी त्यांच्या वाट्याला ते मोजूनच येते. त्यातील सहा बादल्या केवळ पाहण्यासाठी, ऐकण्यासाठी त्यांच्या नावावर ठेवाव्यात, आणि त्या कुणाच्या दयेने नव्हे तर शाळेच्या ठरावाने, एवढीच माझी मागणी आहे. आजीला जे नाकारले ते नातवाला तहानेपुरतेच द्यायचे, असे दादांनाही म्हणायचे नसावे.

काही गोष्टी घाईने नोंदवतो. भोवती कमरेएवढे कुंपण आणि कुलूप हवेच. पाणी उथळ असले तरी लहान मुलांच्या बाबतीत धोका पत्करू नये. रात्री बदके खुराड्यात कोंडावीत, कारण मुंगूस आणि कुत्री टपलेली असतात. पोळीचे तुकडे टाकण्यास बंदी असावी. उन्हाळ्यात कुजलेल्या अन्नाने आणि साचलेल्या पाण्याने बदकांची मान लुळी पडते आणि ती दगावतात. तळे धुणे, कर्दळ कापणे, हात साबणाने धुऊनच जेवायला बसणे या पाळ्या वर्गवार लावाव्यात. सहाहून अधिक बदके ठेवू नयेत. अंडी स्वयंपाकघरात जातील. त्यावर वाद होणार, पण तो गोड वाद आहे.

माझ्याकडे आता पाच बदके आहेत. त्यांतील तीन मादी आणि एक नर शाळेला देण्यास मुलगी तयार आहे. पाचवे ती सोडणार नाही. खड्डा मे महिन्यात खणला आणि कर्दळीचे कंद मृगाच्या पहिल्या पावसावर लावले तर दिवाळीच्या सुट्टीनंतर बदके पाण्यात सोडता येतील. दादांच्या घरी मी परवा जाऊन आलो. त्यांनी कागदावर काढलेला आराखडा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "उतार कोणत्या बाजूला धरलास?"