कातळाखालचे सत्य

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि लातूर-धाराशिव परिसरातील हजारो जीव ढिगाऱ्यांखाली गेले. दख्खनचे पठार अचल आहे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समजही त्याच ढिगाऱ्यांत गाडला गेला. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर खोदले. वर ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली अवघा आठ मीटर गाळ आणि लगेच अडीचशे कोटी वर्षांहून जुना स्फटिकमय कातळ, असे भूमीचे अंतरंग उघड झाले.

मराठवाड्याच्या पोटात तेल आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या आठ मीटरांत आहे. सागरतळी साचलेल्या जीवावशेषांवर काही किलोमीटर गाळ चढावा, त्या भाराखाली ते तापावेत, निर्माण झालेले तेल सच्छिद्र खडकात शिरावे आणि वर अभेद्य झाकण असावे, तेव्हाच तेलसाठा सिद्ध होतो. आर्क्टिकमधील बॅरेंट्स समुद्राखाली असे जाड थर आहेत. १९७४ मध्ये तेल गवसलेल्या मुंबई हायलाही गाळाचेच वरदान आहे. किल्लारीत मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा जवळजवळ थेट आदिम कातळावर पसरला. नांदेडकडे देगलूर परिसरात तर तो कातळच उघडा पडला आहे.

म्हणूनच आपल्या गरजेच्या पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या भारताने २०१६ मध्ये आर्क्टिक वृत्तापलीकडील रशियाच्या वान्कोर तेलक्षेत्रात ४९.९ टक्के हिस्सा घेतला. जेथे निसर्गाने दिले, तेथे जावेच लागते.

परंतु त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना अधिक अंतर्मुख करणारी आहे. पाणी काळ्या पाषाणाच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांतच साठते. अखंड कातळात ते नसते. तरीही पाणाड्याच्या शब्दावर कर्ज काढून शेकडो फूट विंधन विहिरी खोदल्या जातात. २००९ च्या भूजल कायद्याने खोल विहिरींवर निर्बंध आणले, तरी कायदा कागदावर आणि यंत्रे शिवारात, असेच चित्र दिसते.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकवले जाते. ते ज्ञान ग्रामसभेपर्यंत पोहोचले पाहिजे. कोणत्या थरात पाणी मुरते, कोठे बांध घालावा आणि कोठे खोदणे व्यर्थ, हे प्रत्येक गावाला कळले पाहिजे. मातृभूमीला वंदन करणाऱ्यांनी तिचे अंतरंगही जाणून घ्यावे. तेलाचे दान या भूमीला लाभले नाही, पावसाचे लाभते. ते मुरवण्याचा पुरुषार्थ मात्र मराठवाड्याच्या माणसालाच करावा लागेल.