ब्लॅक बुक बांधा आणि विसरून जा!

कॉलेजच्या प्रोजेक्टचे दिवस आले की पालघर-बोईसरच्या झेरॉक्स दुकानांत गर्दी होते. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत मागच्या वर्षीच्या कुणाचातरी मजकूर. विषय 'तारापूर एमआयडीसीतील प्रदूषण'. व्हायवा झाला की पुस्तक कपाटात. पुढच्या वर्षी तोच विषय, पुन्हा शून्यापासून!

मुलांना नावं ठेवू नका. टिपणं कशी ठेवायची हे त्यांना शिकवलं कोणी? मलाही नाही शिकवलं. अणुऊर्जा प्रकल्पासाठी उठवलेल्या पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांशी मी शिकत असताना बोललो होतो. सगळं एका वहीत होतं. आज ती वही सापडत नाही. ते बोलणंच गेलं.

त्यावर साधा उपाय आहे, पर्सनल विकी. म्हणजे आपल्यापुरता विकिपीडिया. एका मुद्द्याला एक पान, स्वतःच्या शब्दांत. खाली कुठून घेतलं, पान नंबर, तारीख. आणि पानापानांना जोडणारे दुवे. टिडलीविकी २००४ पासून फुकट आहे, एकाच फाइलमध्ये मावतं, नेट नसलं तरी चालतं.

याने काय होतं? 'वाढवण बंदर' असं पान करा. त्याला एक दुवा: १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. दुसरा दुवा: २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. दोन्ही शेजारी आले की प्रश्न आपोआप पडतो, मधल्या २५ वर्षांत बदललं काय? समुद्र, कायदा की माणसं? संशोधन इथून सुरू होतं, कॉपी-पेस्टमधून नाही.

कुणी म्हणेल, 'एवढी मेहनत कशाला, एआयला विचारा.' विचारा की! पण नवापूरच्या मच्छीमाराने तुम्हाला काय सांगितलं, ते एआयला कुठून कळणार? ते तुम्हीच लिहून ठेवायला हवं.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद जमवले. आपल्या केळवे-माहीमचा इतिहास सांगणारी 'महिकावतीची बखर' त्यांनीच १९२४ साली छापून वाचवली. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. आपल्या खिशात आहे, आणि त्यात आपण गुड मॉर्निंगचे फोटो साठवतो.

हा फक्त मार्कांचा प्रश्न नाही. जनसुनावणीत प्रकल्पवाले जाडजूड अहवाल टेबलावर ठेवतात, आपण घोषणा देतो. मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये तारापूरच्या सांडपाण्यावरून हरित लवादात गेली. तिथे घोषणा चालत नाहीत, कागद लागतात.

म्हणून प्राध्यापकांना सांगणं आहे, सोनेरी अक्षरांचे मार्क कापा आणि टिपणांच्या फाइलला द्या. ज्यांनी माहिती दिली त्यांना विचारून, गरज असेल तिथे नावं झाकून, ती फाइल पुढच्या बॅचच्या हातात द्या. पाच बॅच असं करू द्या. मग जनसुनावणीत आपल्याही टेबलावर काहीतरी असेल.