हंगामाचे पाहुणे



दसऱ्याच्या सुमारास कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड सुरू होते. त्याच दिवसांत उत्तरेकडून पाखरांचे थवे आपल्या मुलखात उतरत असतात. आपले सारे लक्ष तोडणीची तारीख, टोळ्या आणि वाहने यांच्याकडे. "पाखरं बघायला सवड कुणाला? ते शहरातल्या हौशी लोकांचं काम!" असे आपण म्हणतो. माझे मत उलट आहे. ज्याचे रान, त्यानेच आधी बघितले पाहिजे.

1980 साली उजनी धरण पूर्ण झाले. भीमेच्या पाण्यावर ऊस वाढला, तशी भिगवण-कुंभारगावच्या काठावर परदेशी पाखरेही उतरू लागली. पट्टकादंब हा हंस तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. कुंभारगावचे मच्छीमार आज पाहुण्यांना होडीतून पाखरे दाखवतात, त्यातून चार पैसे मिळवतात. मग आपणच मागे का?

उसाला पाणी देताना सरीच्या कडेने शेपटी वर-खाली हलवत पळतो, तो धोबी. तोही हिवाळ्याचा पाहुणा, आणि त्याचे खाणे किडे-माश्या. नांगरटीत उघडी पडलेली हुमणी आपल्याकडचे बगळे, कावळे, साळुंक्या वेचतात. या मजुरांची हजेरी कोण मांडतो?

भोरड्यांचे नाव काढले की ज्वारीवाले चिडतात, आणि ते खोटे नाही. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर थवा बसला तर नुकसान होतेच. राखण करावी, गोफण फिरवावी, डबा वाजवावा. पण विष किंवा जाळे नको. हीच भोरडी टोळ-नाकतोडे फस्त करते. चीनमधील शिंजियांग प्रांतात टोळ आवरण्यासाठी तिला घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. आपल्याला तिचे नुकसान दिसते, काम दिसत नाही, कारण आपण बघतच नाही.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली, तोडणीनंतर पाचट पेटवू नका. त्या जाळात जमिनीचा कस जातो, शिवाय पाखरांचे भक्ष्यही जळते. पाचट सरीत दाबा, खोडव्याला ओल टिकेल.

दुसरी सूचना शेतकी खात्याला. 2020 पासून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. 5 ही सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांची जन्मतारीख, 12 ही डॉ. सालिम अलींची. या आठवड्यात प्रत्येक गट कार्यालयात एक वही ठेवावी. तारीख, शिवार, पाखरू कसे दिसले, काय खात होते, एवढेच सभासदांनी लिहावे. नाव माहीत नसले तरी चालेल. पोराबाळांनाही लिहू द्यावे.

पाच वर्षांच्या वह्या जमल्या की कोणते पाखरू वाढले, कोणते यायचे थांबले, हे आपले आपल्याला कळेल. उसाच्या टनेजचा हिशेब आपण चोख ठेवतो. रानाचा हिशेबही ठेवू या. गट सभेत हा विषय सभासदांनी जरूर काढावा, ही विनंती.