तीन तास आपल्यासाठीही

मैत्रिणींनो, घरात पिक्चरचा विषय निघाला की वाटणी आपोआप होते. बायांसाठी कौटुंबिक, नाहीतर देवाधर्माचा. विज्ञानकथेचा असला की तो पोरांचा आणि पुरुषांचा. ‘आपल्याले काय समजते बाई त्यातलं?’ असं आपणही म्हणून मोकळ्या होतो. मला हे अजिबात पटत नाही.

‘मिस्टर इंडिया’ आठवा. मे १९८७ मध्ये आलेला, सलीम-जावेद यांनी लिहिलेला, शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला. एका शास्त्रज्ञानं केलेलं यंत्र त्याच्या मुलाच्या हाती लागतं. मनगटावर घातलं की माणूस दिसेनासा होतो, दिसतो तो फक्त लाल प्रकाशात. आता एवढं यंत्र मिळाल्यावर तो करतो काय? अनाथ पोरांना सांभाळतो आणि गरिबांच्या अन्नात भेसळ करणाऱ्यांना धडा शिकवतो. रेशनचा तांदूळ सुपात घेऊन खडे वेचणाऱ्या बाईला हे समजणार नाही, असं कोण म्हणेल? आणि अदृश्य होण्याचं म्हणाल, तर दिवसभर राबूनही ‘ती काय, घरीच असते’ हे ऐकणारीला त्यासाठी यंत्रसुद्धा लागत नाही!

तसाच ऑगस्ट २००३ मध्ये आलेला ‘कोई मिल गया’. परग्रहावरून आलेला, उन्हातून शक्ती घेणारा जादू सगळ्यांनाच आठवतो. मला मात्र रेखानं केलेली आई जास्त आठवते. नवरा अपघातात गेलेला, मुलाची बुद्धी वयाप्रमाणे वाढलेली नाही, लोक त्याला हसतात आणि ही एकटी त्याच्या पाठीशी उभी. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही सामाजिक विषयावरचा चित्रपट म्हणून. बघा, अंतराळयानाची गोष्ट शेवटी येऊन उतरली ती एका आईच्या अंगणात.

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. तालुक्याच्या टॉकीजला आम्ही नऊ जणी दुपारच्या खेळाला गेलो. जाऊबाई दुसऱ्यांदा, शेजारच्या काकू तर तिसऱ्यांदा! पुढे काय होणार ते निम्म्या टॉकीजला पाठ. जादू पडद्यावर यायच्या आधीच टाळ्या सुरू. मध्येच लाईट गेली, तरी कुणी जागचं हललं नाही, अंधारातच पुढची गोष्ट एकमेकींना सांगणं चाललं होतं. आमच्यातल्या एकीचा मुलगा तसाच होता, वयानं मोठा, समजेनं लहान. त्याच्याबद्दल ती कधी चकार शब्द काढत नसे. त्या दिवशी ती पदर तोंडाला लावून रडली आणि परतीच्या वाटेवर पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलली. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत मुलाच्या शाळेत गेल्या. दहा बैठका घेऊन जे झालं नसतं, ते एका पिक्चरनं झालं.

कुणी म्हणेल, आता टीव्हीवर लागतो, मोबाईलवर दिसतो, टॉकीजला कशाला जायचं? पण खरं सांगा, घरी आपण पिक्चर बघतो का? कुकरची शिटी, सासूबाईंच्या गोळ्या, दारावरचा दूधवाला, या सगळ्यातून जो तुकडा वाट्याला येतो तो बघतो. टॉकीजच्या अंधारात मात्र तीन तास कुणी चहा मागत नाही. आणि शेजारी आपल्यासारखीच त्या गोष्टीवर जीव टाकणारी बसलेली असली, की हसायला आणि रडायलाही संकोच वाटत नाही.

‘ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्या जिल्ह्यात तुम्हाला पिक्चर सुचतो?’ असंही मला ऐकवलं गेलं आहे. गटाच्या कामामुळे अशा घरांत माझं जाणं-येणं आहे. म्हणूनच सांगते, त्या घरातल्या बाईला मदतीचा चेक हवा, पोरांची फी हवी, कर्जाचं ओझंही उतरायला हवं. पण तिला चार जणींची सोबतही हवी. तिनं हसू नये, बाहेर दिसू नये, हा नियम कुठल्या कायद्यात लिहिला आहे? कीर्तनाला चालते, हळदीकुंकवाला अजूनही कित्येक ठिकाणी बोलावत नाहीत, मग निदान टॉकीजमधली खुर्ची तरी तिला नाकारू नका.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘कोई मिल गया’ला वीस वर्षं झाली म्हणून तो मोठ्या शहरांत पुन्हा लावला गेला. छोट्या गावांतल्या कित्येक टॉकीज दरम्यान बंद पडल्या. ज्या चालू आहेत, त्यांच्या मालकांना गिऱ्हाईक हवंच आहे. कापसाची वेचणी आटोपली की दोन-तीन बचत गटांनी मिळून पन्नास-साठ बायांची यादी करावी आणि मालकाला सरळ विचारावं, अमुक दुपारी आमचा आवडता जुना पिक्चर लावता का? त्याला वितरकाशी बोलावं लागेल, पण तिकिटं नक्की विकली जाणार म्हटल्यावर तो निदान ऐकून तरी घेईल. तिकीट परवडत नाही म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी आधीपासून महिन्याला दहा-वीस रुपये बाजूला टाकता येतात. बचत गटाचा हिशेब आपल्याला काय कुणी शिकवायला हवा?

फक्त यादी करताना एक करा. जी स्वतःहून नाव देणार नाही, तिच्या घरी आधी जा.