विजय राजगीरचा, प्रश्न सिमडेग्याचा

मगधाची प्राचीन राजधानी असलेल्या राजगीरच्या डोंगरांनी आजवर अनेक जयघोष ऐकले असतील. २० नोव्हेंबर २०२४च्या संध्याकाळचा जयघोष मात्र नवा होता. महिलांच्या आशियाई चॅम्पियन्स करंडक हॉकी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने चीनला १-० असे नमविले. एकतिसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर दीपिकाने केलेला गोल निर्णायक ठरला. सात सामने, सातही विजय आणि २०१६, २०२३ यांच्यानंतर तिसऱ्यांदा करंडक. पराभूत चीन हा त्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता. या यशाचा अभिमान कोणाही भारतीयाला वाटावा असाच आहे.

परंतु अभिमानाला आत्मपरीक्षणाची जोड नसेल, तर त्याचे रूपांतर आत्मसंतुष्टतेत होते. त्याच वर्षी जानेवारीत रांचीच्या पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ असा पराभव झाला आणि टोकियोत चौथे स्थान मिळविणारा आपला संघ पॅरिसला जाऊच शकला नाही. राजगीरनंतरचा प्रवासही सुखाचा नाही. जून २०२५मध्ये प्रो लीगमध्ये तळाला राहिल्याने संघाची पदावनती झाली. सप्टेंबरमध्ये हांगझोऊ येथे आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने १-४ असा पराभव केला. २०२६च्या विश्वचषकाचा थेट प्रवेशही चीनकडे गेला. राजगीरला दोनदा हरविलेला प्रतिस्पर्धी दहा महिन्यांत पुढे निघून गेला.

दोष मुलींच्या गुणवत्तेत शोधणे हा अन्याय ठरेल. राजगीरला नेतृत्व करणारी सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातील बडकीछापर या खेड्यातली. बांबूच्या स्टिकने तिने खेळाचा श्रीगणेशा केला. संगीता कुमारी आणि ब्यूटी डुंगडुंग याच जिल्ह्यातल्या. छोटानागपूरच्या या पट्ट्यात आणि शेजारच्या सुंदरगडमध्ये ‘खस्सी’ स्पर्धा भरतात. विजेत्या संघाला बोकड बक्षीस मिळतो. १९२८च्या ऑलिम्पिक संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा याच भूमीचे सुपुत्र. जनजातींच्या या वस्त्यांनी हॉकी जपली ती कोणा उद्योगपतीच्या धनाने नव्हे, तर गावकीच्या आनंदाने.

या मातीला समाजाने काय दिले? पुरुषांची हॉकी इंडिया लीग २०१३मध्ये सुरू झाली. महिलांच्या लीगला जानेवारी २०२५ उजाडावे लागले, तीही चारच संघांची. क्रिकेटमध्येही मुलींना व्यावसायिक लीगसाठी २०२३पर्यंत थांबावे लागले. पण नोव्हेंबर २०२५मध्ये भारताच्या कन्यांनी विश्वचषक उचलला. संधी, सातत्याचे सामने आणि सन्मानाचे मानधन मिळाले की भारतीय स्त्री काय करू शकते, हे त्यातून दिसले. हॉकीतील कन्यांनी वेगळे काय मागितले आहे?

ओडिशा सरकारने २०१८पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले, त्याचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु एका राज्याच्या खांद्यावर देशाचा खेळ किती काळ ठेवणार? कृत्रिम मैदान महागडे असते. मातीवर वाढलेल्या मुलीला वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी प्रथमच त्यावर पाऊल ठेवावे लागत असेल, तर लहानपणापासून त्यावरच खेळलेल्या परदेशी मुलीशी तिची स्पर्धा आरंभापासूनच विषम ठरते.

महाराष्ट्रानेही स्वतःला हा प्रश्न विचारावा. राजगीरच्या विजयी संघात साताऱ्याची वैष्णवी फाळके बचाव फळीत खेळत होती. तिचे नाव राज्यातील किती शालेय विद्यार्थिनींना ठाऊक आहे? सुवर्णपदक घेऊन परतलेल्या मुलीच्या गळ्यात हार घालायला नेत्यांची रीघ लागते. तिच्या तालुक्यात मैदान व्हावे म्हणून पाठपुरावा करायला मात्र कोणी सापडत नाही.

स्त्रीला शक्तीचे रूप मानणाऱ्या समाजाने ही पूजा नवरात्रापुरती ठेवू नये. विजयाच्या दिवशी दिलेली बक्षिसे खेळाडूला मिळतात. पराभवाच्या वर्षात उभारलेली मैदाने पुढच्या पिढीला मिळतात. सिमडेग्यातली एखादी दहा वर्षांची मुलगी आजही बांबूची स्टिक घेऊन धावत असेल. तिच्या हाती योग्य वेळी खरी स्टिक आणि पायाखाली खरे मैदान देणे, हाच राजगीरच्या विजयाचा खरा सन्मान होय.