दहा सेंटिमीटरचं मिग

मिग-२१ या लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. त्याला ७२ने भागलं की जेमतेम दहा सेंटिमीटर होतात. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान आपल्या तळहातावर मावतं. माझ्या भाचीने पंखाचे दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, “मामा, एवढ्याशा पंखावर हे खाली उतरतं कसं?”

प्लास्टिकचं मॉडेल जोडण्यात मला जे मोलाचं वाटतं ते सगळं या प्रश्नात आहे. वहीतल्या चित्रावरून हा प्रश्न पडत नाही, व्हिडिओ पाहूनही पडत नाही. पंख अंगठा आणि बोटात धरला, त्याचा पातळपणा जाणवला, शेजारी लांबलचक धड ठेवलं, की तो आपोआप पडतो. उत्तर असं की ते फार वेगाने उतरतं. लहान पंखाला विमान तोलून धरायचं तर वेग लागतो. म्हणून मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरच्या वरच्या वेगाने धावपट्टीला टेकतं आणि मागे पॅराशूट सोडून थांबतं. शेपटीच्या बुडाशी त्या पॅराशूटची डबी असते. किटमध्ये तो तुकडा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा येतो आणि हमखास हरवतो.

चंद्रपुरात लढाऊ विमानांचा तळ नाही. दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, पण इथल्या मुलाला जेट विमान दिसतं ते फार उंचावर, पांढरी रेघ ओढत जाताना. म्हणूनच इथे, कोळशाच्या आणि सागवानाच्या या मुलखात, टेबलावर विमान उभं करण्याला मला जास्त अर्थ वाटतो.

१/७२ हे प्रमाण इंची मोजमापातून आलेलं आहे. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट. त्यामुळे सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात हे प्रमाण फार कामाला आलं. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातली लाकडी विमानं करून घ्यायची मोहीम काढली आणि पाच लाखांचं उद्दिष्ट ठेवलं. सैनिकांना आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे क्षणात ओळखता यावं, एवढ्यासाठी. पस्तीस फुटांवर धरलेलं मॉडेल पाऊण किलोमीटरवरच्या खऱ्या विमानाएवढंच दिसतं. वर्गात बसून आकाशाचा सराव करता येत होता. युद्धानंतर प्लास्टिक आलं, १९५३मध्ये एअरफिक्सचं छोटं स्पिटफायर बाजारात आलं, आणि जगभरातल्या मुलांच्या हाती हा छंद गेला.

आपल्याकडे मात्र तो मोठ्या शहरांतच राहिला. चंद्रपूरच्या बाजारात किट मिळत नाही. मुंबई-दिल्लीहून मागवावं लागतं. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लागलेले सुटे तुकडे असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. तुकडा कापायचा, डाग पॉलिश पेपरने घासायचा, जोडून पाहायचा, मगच चिकटवायचा. यातला चिकटवण्याचा भाग समजून घेण्यासारखा आहे. मॉडेलचं खास सिमेंट हा नेहमीच्या अर्थाने गोंद नव्हेच. ते पॉलिस्टायरीन विरघळवणारं द्रावण आहे. दोन्ही कडा क्षणभर वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रावण उडून गेलं की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाला मात्र ते लावायचं नाही. फेविक्विकही नाही, कारण त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं. तिथे आपला साधा फेविकॉल चालतो. वाळला की पारदर्शक होतो आणि काच स्वच्छ राहते.

परदेशी पुस्तकांतल्या सूचना इथल्या हवेला लागू पडत नाहीत, हे आपल्या भागातल्या प्रत्येक होतकरू मॉडेलकाराला सांगावंसं वाटतं. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की सिमेंट फटीत उतरायच्या आधीच उडून जातं. स्प्रे केलेला रंग विमानापर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कूलर लावावा तर खोलीत दमट हवा भरते, चकचकीत वार्निशवर दुधाळ झाक चढते. आणि धूळ! खाणींचा कोळसा, २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्राची राख; खिडकी उघडी ठेवून रंगवलेला पांढरा तुकडा संध्याकाळी करडा झालेला असतो. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही. मग उरतो दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ. तोच आपला हंगाम. खिडक्या बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, आणि ताजा रंग उलट्या डब्याखाली झाकून ठेवलेला.

इथल्या काही गोष्टी सोयीच्याही आहेत. मिगचं नाक हलकं राहिलं तर मॉडेल मागे शेपटीवर बसतं, म्हणून नाकाच्या शंकूत वजन भरावं लागतं. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या त्याला उत्तम. इरई-वर्धेच्या काठच्या ढीवरांना त्या पुरवणाऱ्या दुकानात सहज मिळतात. शिसं हाताळलं की हात साबणाने धुवायचे, हे मुलांना बजावून सांगावं. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायच्या खुणा, बोअरच्या पाण्यात सोडल्या तर क्षाराचे डाग राहतात. त्यासाठी बॅटरीत घालायचं पाणी आणावं.

आता मिगच का? बाजारात अमेरिकी विमानांचे किट ढिगाने आहेत आणि दिसायलाही ती देखणी आहेत. पण मिग-२१ महाराष्ट्रात बनलं. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना साठच्या दशकात उभा राहिला तो याच विमानासाठी. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. सुरुवातीची विमानं सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडून तयार झाली. पुढे कच्च्या मालापासून सगळं इथे होऊ लागलं. म्हणजे खरं मिगसुद्धा आपल्या कामगारांनी आधी किटमधूनच जोडलं! ती जोडणी करता करता एक पिढी विमान बांधायला शिकली. त्याच ओझरमधून पुढे सुखोई-३० बाहेर पडली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केलं.

त्यामुळे मॉडेल करायचं तर ओझरच्या मिगचं करावं, खोक्यावरच्या चित्रातल्या कुठल्याही मिगचं नव्हे, असा माझा आग्रह आहे. आम्ही निवडलं ते एफएल जातीचं. त्याचं कॉकपिटचं झाकण पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं, पुढे कलणारं. नंतरच्या जातींत ते बाजूला उघडतं. एफएलला अंगची तोफ नव्हती. क्षेपणास्त्रं आली, आता तोफेचं काम काय, असा त्या काळच्या रचनाकारांचा विश्वास होता. १९६५च्या युद्धाने तो खोटा ठरवला, म्हणून पोटाखाली तोफेची वेगळी पेटी अडकवण्यात आली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते त्याच तोफेने. दोनच दिवसांनी २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या मिगनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागली. मॉडेलमध्ये ती पेटी म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा आहे. तो चिकटवताना हा इतिहास ठाऊक असला तर हात सावकाश चालतो.

रंगाची गोष्टही तशीच. ही विमानं आली तेव्हा उघड्या धातूच्या चकाकीत होती. १९७१मध्ये युद्ध तोंडावर आल्यावर तळावर जो रंग मिळाला त्याने ती घाईने रंगवली गेली. हिरव्याचे आणि मातकटाचे पट्टे एकाचे दुसऱ्यासारखे नाहीत. म्हणून जुने फोटो शोधून, एकच विमान धरून, त्याचाच रंग उतरवावा लागतो. खुणेच्या वर्तुळात केशरी बाहेर, मधे पांढरा, आत हिरवा. काही डेकलांत केशरी लालाकडे झुकतो आणि सगळं विमान परकं दिसायला लागतं. तो रंग मी दरवेळी हातानेच दुरुस्त करतो.

याच विमानाची दुसरी बाजू मी भाचीपासून लपवली नाही. २०१२च्या मे महिन्यात संरक्षणमंत्र्यांनी संसदेत आकडे दिले होते: हवाई दलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली, १७१ वैमानिक गेले, जमिनीवरचे ३९ नागरिक गेले. यात मिगच्या सगळ्या जाती आल्या, पण सर्वांत मोठा वाटा २१चा. कारणं अनेक. त्यातलं एक तर हातातल्या त्या चिमुकल्या पंखातच दिसतं. एवढ्या वेगाने उतरणाऱ्या विमानावर नवखे वैमानिक मधल्या पायरीशिवाय जात राहिले. ती पायरी, हॉक हे प्रशिक्षण जेट, आपल्याकडे यायला २००८ उजाडलं. इतकी वर्षं का लागली, याचा मला आजही राग येतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तब्बल बासष्ट वर्षांनी. टीव्हीवर तो निरोप पाहताना भाची गप्प होती. नंतर तिने विचारलं, आपल्या मॉडेलवर जो क्रमांक टाकायचा ते विमान परत आलं होतं का? आम्ही शोधलं आणि मगच क्रमांक निश्चित केला.

हे सगळं महागडं परकं वेड आहे, असं कुणी म्हटलं की मला तान्हा पोळा आठवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. त्या नंदीचं वशिंड, शिंगांचा बाक, पायांची ठेवण सगळं खऱ्या बैलावरून घेतलेलं असतं, आणि बैल ओळखणारा म्हातारा ते पाहूनच सुताराची पारख करतो. मोठ्या वस्तूची नेमकी लहान प्रतिकृती करणं आणि तिची कदर करणं आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आहे. आपल्या शाळांनी विज्ञानाच्या तासाला एखादं किट आणून वर्गाकडून जोडून घेतलं तर खर्च प्रयोगशाळेच्या एका उपकरणाहून कमी येईल, आणि उचल, वजनाचा तोल, द्रावण हे शब्द पुस्तकाबाहेर येतील.

गडचिरोलीत याची सुरुवात जेटने करू नये, असं मला वाटतं. तिथल्या मुलांनी एक लष्करी यंत्र अगदी जवळून पाहिलं आहे: निवडणुकीच्या दिवसांत मतदान पथकं आणि यंत्रं घेऊन दुर्गम भागात उतरणारं हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर. रशियाच्या झ्वेझ्दा कंपनीचं १/७२ प्रमाणातलं त्याचं किट मिळतं. मुख्य पंखा पाच पात्यांचा, सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे आमच्या मिगच्या तिप्पट. जुन्या एमआय-८चा शेपटीचा पंखा उजवीकडे असतो, १७चा डावीकडे. काहींना मागे शिंपल्यासारखी दोन दारं, तर नव्या व्ही-५ला खाली उतरणारा रॅम्प.

आमचं पुढचं किट तेच आहे. खोकं टेबलावर होतं तेव्हा भाचीची वर्गमैत्रीण घरी आली होती. गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची, इथे हॉस्टेलला राहते. तिने सूचनापत्रातलं चित्र पाहिलं आणि म्हणाली, “हे चुकलं. उभं असते तेव्हा पाती अशी ताठ नसतात, खाली लोंबतात.” बरोबर होतं तिचं. पंखा फिरत नसताना लांब पाती आपल्याच वजनाने वाकतात, आणि किटमधली सरळ येतात. आता आम्ही ती पाती गरम पाण्यात धरून एकेक वाकवतो आहोत. किती वाकवायची ते ती सांगते, कारण आमच्या तिघांत ते उभं असलेलं फक्त तिनेच पाहिलं आहे.